चिकाला मुकलेली

मी एक डुकरीण बोलतेय. नाक मुरडून झालं असेल तर बसा, गोष्ट फार मोठी नाही. आणि घाबरू नका, अंगावर येणार नाही. या वयात मला उठून पाणी प्यायचाही कंटाळा येतो.

माझा जन्म गाझियाबादचा, हिंडन नदीच्या काठच्या एका वस्तीतला. मग मराठी कशी बोलते, असं तुम्ही विचारणारच. तर माझ्या आयुष्यात दोन माणसं अशी आली, की ती आमच्या बाड्यात, म्हणजे तुमच्या भाषेत गोठ्यात, उभी राहून तासन्‌तास मराठीत बोलायची. एक वृंदाबाई, दिल्लीतल्या सरकारी प्रयोगशाळेतल्या पशुवैद्य. दुसरे त्यांचे सहायक शांताराम. बाकी सगळ्यांशी हिंदी आणि आपसात मात्र मराठी. इथे कोणाला कळतंय, असं त्यांना वाटायचं. मला कळत होतं. डुकराचे कान काही नुसते माश्या हाकलायला नसतात.

तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. देशात उदारीकरण आलं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. आमच्याकडे ते उष्ट्यातून आलं. आमची मालकीण चंद्रप्रभा आणि तिचा नवरा श्याम सायकलगाडीवर बादल्या लादून ढाब्यांचं, लग्नघरांचं उष्टं गोळा करून आणायचे. पूर्वी त्यात रोटीचे तुकडे आणि आंबलेली डाळ असायची. मग समोरच्या शेतांत सोसायट्या उभ्या राहू लागल्या, हमरस्त्यावर बँक्वेट हॉल निघाले, आणि बादलीत चाउमीन दिसू लागलं. माझी आई सांगायची, पहिल्यांदा तिला ती गांडुळंच वाटली आणि ती हरखून गेली. खाल्ल्यावर कळलं, पण तोवर सवय लागली होती. तुमच्याही घरोघरी तसंच झालं असणार.

मी आईच्या त्या खेपेतलं शेवटचं पिल्लू. आमच्यात एक शिस्त असते. जन्मल्यावर धडपडत जाऊन ज्याने जे आचळ धरलं, ते त्याचं. दूध सुटेपर्यंत दुसऱ्या कोणी तिथे तोंड लावायचं नाही. दिल्लीच्या बसस्टॉपवर दिसणार नाही अशी ही शिस्त, पण शेवटी येणाऱ्याला ती फार महागात पडते. मी पोचले तेव्हा एकही जागा रिकामी नव्हती. भावंडांनी लाथा मारून मला बाजूला केलं. त्यांचा राग नाही, भूक सगळ्यांनाच होती. मी भिंतीशी पडून राहिले आणि गार होत गेले.

चंद्रप्रभाने मला उचललं. जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलं आणि घरात नेऊन बाटलीने म्हशीचं दूध पाजलं. श्याम चेष्टा करायला टपलेलाच होता.

"सुअर की बच्ची गोद में! अब पालना भी डाल दे इसका."

"चुप रहो जी. किसी से कहना मत, पूरी गली हँसेगी," चंद्रप्रभा म्हणाली.

आणि खरंच, तिने कोणाला कळू दिलं नाही. दुपारी गल्ली सामसूम झाली की ती दार लोटून घ्यायची, मला मांडीवर घ्यायची आणि छुटकी, छुटकी म्हणत बाटली तोंडाला लावायची. बाकीचा वेळ मी बाड्यात भावंडांच्या उबेला असायचे. त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं, सगळी आईच्याच दुधावर आहेत. माझ्यावर उपकार करणारी ही पहिली बाई. तिने तेव्हा नाक मुरडलं असतं, तर ही गोष्ट सांगायला मी उरले नसते.

थोडी उभी राहायला लागले, तोच वृंदाबाई आल्या. सुती साडी खोचलेली, पायात गमबूट, हातात बर्फाचा डबा. पुण्यात वाढलेल्या, आता लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या. त्यांचं काम डुकरांच्या तापावर होतं. हा ताप विषाणूचा. तो माणसाला होत नाही, पण आमच्यात शिरला की गोठेच्या गोठे आडवे करतो. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. ती टोचल्यावर डुकराच्या रक्तात तापाशी लढणारी ताकद किती तयार होते आणि किती काळ टिकते, हे वृंदाबाईंना मोजायचं होतं. त्यासाठी रक्त हवं. रक्त काढायचं म्हणजे वरच्या जबड्यात दोरीचा फास अडकवायचा आणि मानेत सुई घालायची. आम्ही तेव्हा जे ओरडतो, ते नदीपलीकडे ऐकू जातं. दुखतं म्हणून नव्हे हो, अपमान होतो म्हणून.

त्या दिवशी मोठ्या जनावरांना लस टोचून झाली. माझ्या आईला तर आधीच्या वर्षीही मिळाली होती. शेवटच्या कुपीत थोडी लस उरली. कुपीतली लशीची पूड एकदा पाण्यात कालवली की ती काही तासांत संपवावी लागते, नाहीतर ओतून द्यायची.

"मॅडम, ही टाकून देऊ?" शांतारामनी विचारलं.

"टाकून? अहो, दिल्लीहून बर्फात जपत आणलीय," वृंदाबाई म्हणाल्या. त्या अशा घरात वाढलेल्या होत्या, जिथे पानात भाताचं शीत ठेवलं तर आई उठू देत नसे. "ही पिल्लं आहेत की. त्यांना देऊन टाकू."

"लहान आहेत अजून."

"असू देत. लवकर मिळाली तर बरंच. आधी सगळ्यांचं थोडं थोडं रक्त घेऊन ठेवा, तुलनेला होईल."

अशी ती उरलेली लस आम्हा भावंडांच्या वाट्याला आली. चंद्रप्रभाने हात जोडले. "डॉक्टरनी जी, भगवान आपका भला करे." थोड्या आठवड्यांनी वृंदाबाई पुन्हा येऊन आमचं रक्त घेऊन गेल्या. सगळं छान चाललं होतं.

मग वस्तीत ताप आला. कुठून आला कोणास ठाऊक, कोणी म्हणालं नव्याने विकत आणलेल्या नराबरोबर. आधी माझ्या थोरल्या भावाने खाणं सोडलं. मग एकेक जण कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून पडू लागला, अंग तापलेलं, मागचे पाय लटपटणारे. कानांवर जांभळे डाग आले. ज्यांनी मला लाथा मारून बाजूला केलं होतं, ती सगळी माझ्या डोळ्यांदेखत गेली. आईला काही झालं नाही. ती त्यांना नाकाने ढकलून उठवायचा प्रयत्न करत राहिली. ते मला बघवलं नाही.

मला मात्र काही झालं नाही. सगळ्यांत मरतुकडी मी, आणि मीच उरले.

चंद्रप्रभाने गल्लीत उभं राहून लशीच्या नावाने आकांत केला. "टीका लगा, तभी मरे! बड़े-बड़े अफ़सर आते हैं, पानी भर के सुई लगा जाते हैं!" दुसऱ्या दिवशी वृंदाबाईंची जीप आली, तेव्हा कोणीही आपला बाडा उघडला नाही. वृंदाबाई उन्हात उभ्या राहिल्या. टोचलेली पिल्लं मेलीच कशी, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

प्रयोगशाळेत काय झालं, ते मला पुढच्या फेरीत त्यांच्याच बोलण्यातून कळलं. रक्ताच्या तपासणीत म्हणे बारीक खळगे असलेली एक ताटली असते. ताकद जितकी जास्त, तितका खळग्यात रंग गडद. भावंडांचं रक्त लस टोचायच्या आधीच गडद निघालं आणि नंतरचं जवळजवळ पांढरं. माझं नेमकं उलटं. आधी पांढरं, नंतर असं गडद की बघत राहावं.

"साहेब म्हणतात, नळ्यांची अदलाबदल झाली असणार," शांताराम हळूच म्हणाले. "या पिल्लांचे नमुने अभ्यासातून काढून टाका म्हणाले."

"तुमच्या हातून नळ्या बदलतात का कधी?"

"नाही मॅडम."

"मग काढायचे कशाला? ही एकटी का जगली, ते शोधायला हवं. नाहीतर हे लोक पुन्हा लस घेणार नाहीत, आणि पुढची पिल्लंही अशीच जातील."

त्या चंद्रप्रभाच्या दारात जाऊन बसल्या. चंद्रप्रभाने पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि गाझियाबादेत याहून मोठा राग नसतो.

"चंद्रप्रभाजी, एक बात पूछनी थी. यह बच्ची बाकी बच्चों के साथ ही पली ना? माँ के दूध पर?"

"और किसके दूध पर पलेगी?" चंद्रप्रभा भिंतीकडे बघत म्हणाली. डुकराला बाटलीने पाजलं, हे शिकलेल्या बाईपुढे कबूल करायची तिला लाज वाटली.

मला काय कळत होतं तेव्हा? दुपारची वेळ, चंद्रप्रभा खाली बसलेली, गल्ली सामसूम. माझ्या हिशेबाने ही दुधाची वेळ. मी सरळ धावत गेले, तिच्या मांडीत शिरले, ओढणीखाली नाक खुपसलं आणि बाटली शोधू लागले. तिने मला दोनदा ढकललं. मी तिसऱ्यांदा शिरले आणि वर तोंड करून ओरडायला लागले.

वृंदाबाई बघत होत्या. "हे असं मांडीत..." त्या मराठीतच बोलू लागल्या आणि सावरून म्हणाल्या, "इसे गोद की आदत कैसे पड़ी?"

चंद्रप्रभाला रडू फुटलं. "बोतल से पाला है जी. भैंस के दूध पे. इसे किसी ने थन नहीं लगने दिया."

"पहले दिन का दूध? खीस? वह भी नहीं मिला?"

"एक बूँद नहीं."

वृंदाबाई ताडकन उठल्या. "शांताराम! चीक! हिला चीक मिळालाच नाही हो!"

शांताराम दिल्लीत जन्मलेले. "चीक म्हणजे?"

"अहो, खरवस करतात तो! आईचं पहिल्या दिवसाचं दूध!" त्या हसत होत्या आणि डोळे पुशीत होत्या. मग त्यांनी जे समजावलं, ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. आईला लस मिळालेली, म्हणून तिच्या रक्तात ताकद होती. ती चिकातून पिल्लांत उतरली. आम्हाला लस टोचली, तेव्हा भावंडांच्या अंगातली ही आईची ताकद पहाऱ्यावर होती. तिने लशीलाच शत्रू समजून संपवून टाकलं. पिल्लांचं अंग स्वतः काही शिकलंच नाही. पुढे आईची ताकद हळूहळू विरून गेली, आणि ताप आला तेव्हा त्यांच्याजवळ ना आईचं होतं, ना स्वतःचं. माझ्याकडे आईचं काहीच नव्हतं. म्हणून लस माझ्या अंगाला भिडली आणि माझं अंग लढायला शिकलं. वृंदाबाई म्हणाल्या, हे पुस्तकात लिहिलेलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण उरलेली कुपी हातात असताना आठवलं नाही.

त्यांनी चंद्रप्रभापासून ते लपवलं नाही. "टीका ख़राब नहीं था. मैंने जल्दी लगा दिया. गलती मेरी है."

चंद्रप्रभाने ओढणीने तोंड पुसलं. मग म्हणाली, "तो मेरे बच्चे आपकी जल्दी में गए." आणि मला उचलून घेत म्हणाली, "इसके बच्चे होंगे, तो उन्हें हाथ मत लगाना."

कोणी असं बोललं असतं, तर तुम्ही पुन्हा त्या दारी गेला असता का? वृंदाबाई आल्या. मी मोठी झाले, मला पिल्लं झाली, तेव्हाही त्या दर रविवारी येत राहिल्या. सुट्टीच्या दिवशी सरकारी जीप मिळायची नाही, म्हणून त्यांचे यजमान अविनाशराव मारुतीतून सोडायचे. ते मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते. गाडीच्या काचा बंद करून पेपर वाचत बसायचे आणि मधूनच काच बोटभर खाली करून म्हणायचे, "अगं, चल ना यार. मानसचा क्लास आहे." मानस म्हणजे त्यांचा मुलगा.

माझ्या पिल्लांनी पोटभर चीक प्यायला. आता प्रश्न एकच होता. आईची ताकद, म्हणजे माझी, त्यांच्या अंगातून कधी ओसरते? त्याआधी टोचली तर लस फुकट, फार नंतर टोचली तर ताप गाठणार. ते कळायला दर आठवड्याला त्यांचं थोडं रक्त हवं होतं. आणि चंद्रप्रभा बाड्याच्या तोंडाशी खाट टाकून बसली होती.

"सिर्फ़ ख़ून, टीका नहीं," वृंदाबाई म्हणत राहिल्या. खाट हलेना. शेवटी अविनाशराव वैतागून गाडीतून उतरले. नाकाला रुमाल, पायात चकचकीत बूट. "बहनजी, मैं पकड़ता हूँ. आपके सामने. ज़रा भी चोट लगी तो आप मना कर देना." आणि त्यांनी माझं एक पिल्लू खरोखर उचललं, बाळाला घेतात तसं छातीशी धरून. माझ्या लेकाने त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर यथेच्छ धार सोडली.

चंद्रप्रभा हसली. भावंडं गेल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती. हसता हसता तिने खाट बाजूला ओढली. "ले लो जी, ख़ून ले लो. आपको तो इसने परसाद दे दिया."

पुढे दर रविवारी रक्त. वृंदाबाई येऊन सांगायच्या, अजून गडद आहे, अजून गडद आहे. आणि अशात शेजारच्या गल्लीत ताप आला.

तेव्हा जे झालं, ते मी कधी विसरणार नाही. हात लावू नका म्हणणारी चंद्रप्रभा वृंदाबाईंच्या गाडीपुढे आडवी उभी राहिली. "डॉक्टरनी जी, आज ही लगा दो! आपके पैर पड़ती हूँ!"

बर्फाच्या डब्यात लस होती. वृंदाबाईंचा हात डब्यावर होता. मागच्या खेपेला याच बाईचं भलं व्हावं म्हणून त्यांनी घाई केली होती. "नहीं," त्या म्हणाल्या. "अभी इनमें माँ है. अगले हफ़्ते."

"और तब तक आ गया तो?"

"तब तक माँ लड़ेगी."

चंद्रप्रभाने माझ्याकडे बघितलं. तो आठवडा मी पिल्लांना कुशीतून हलू दिलं नाही. श्यामने बाड्याच्या दारात चुना टाकला आणि उष्टं उकळून घालायला सुरुवात केली. पुढच्या रविवारी ताटलीतला रंग फिका पडला होता. चंद्रप्रभाने स्वतः एकेक पिल्लू उचलून वृंदाबाईंच्या हातात दिलं, आणि लस टोचली गेली.

ताप आमच्याही गल्लीत आला, पण तोवर लशीला अंगात भिनायला काही आठवडे मिळाले होते. एक पिल्लू गेलं, आधीपासूनच किडकिडीत होतं. बाकीची दोन दिवस मलूल झाली, आणि तिसऱ्या दिवशी चाउमीनवरून भांडली. चंद्रप्रभा बाड्यात बसून त्यांचं भांडण बघत राहिली, सोडवायला गेली नाही. त्या वर्षापासून आमच्या वस्तीत पिल्लांना लस कधी द्यायची, ते आधी रक्त बघून ठरू लागलं, आणि कोणी बाडा बंद केला नाही.

पुढे वृंदाबाईंची बदली झाली. निरोपाला आल्या तेव्हा सोबत सुई नव्हती. मी सवयीने जोरात ओरडून घेतलं, तशा त्या हसल्या आणि माझ्या कानामागे खाजवत म्हणाल्या, "बये, तुझ्यामुळे शिकले गं." मला तेव्हा बोलता आलं असतं तर मीही म्हणाले असते, बाई, तुम्ही साहेबांचं ऐकून माझी नळी ओतून दिली नाहीत, म्हणून माझी लेकरं जगली. ते राहून गेलं, म्हणून आज तुमच्यापुढे म्हणते.

आता मी म्हातारी झाले. डुकराला म्हातारपण सहसा लाभत नाही, चंद्रप्रभाने मला ते दिलं. ही जागा बिल्डरने घेतली आहे. उद्या टेंपो येईल आणि आम्ही मुरादनगरकडे जाऊ. पायांत बळ नाही, मला उचलूनच चढवावं लागेल. पण तक्रार नाही. माझ्या लेकी, नाती, पणत्या त्याच टेंपोत असतील, एकमेकींना लाथा मारत.

जाताना तुमच्याकडे एकच मागणं. तान्ह्याला घेऊन तुम्ही दवाखान्यात जाल. एखाद्या लशीसाठी डॉक्टर पुढची तारीख देतील. तुम्हाला वाटेल, आलोच आहोत तर आजच टोचून टाकावी. चिडू नका, आणि ती तारीख चुकवूही नका. थांबायला सांगतात, कारण बाळाच्या अंगात त्याची आई अजून जागी असते.